कधी सुरू झालं असेल?

मामांच्या तेराव्याला पंगती उठल्या, भांडी घासायला पडली आणि मामीनं माझा हात धरून मला माडीवर नेलं. खाटेवर बसली. रडली नाही. म्हणाली, "तू ह्यातलं शिकलीयास. मला एवढंच सांग, हे कधी सुरू झालं असंल?"

हे म्हणजे मामांना घेऊन गेलेला मेंदूचा आजार. ही गोष्ट जून २०२२ ची. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. पेशी, जनुकं, प्रथिनं माझ्या रोजच्या फळ्यावर असतात. तरी त्या दिवशी "माहीत नाही गं मामी" याच्यापुढे मला जाता आलं नाही. नंतर रात्री ओटा आवरून झाला की मी शोधनिबंध वाचायला बसू लागले. कळलं नाही ते दोनदा वाचलं, तीनदा वाचलं. आज लिहितेय ते मुख्यतः मामीसाठी. ती हे चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून वाचणार आहे. तेव्हा सोपं लिहिते, पण सोपं करायच्या नादात खोटं लिहिणार नाही.

मामांचे इचलकरंजीत आठ साधे माग होते. खर्चीवाले. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, आपण विणून द्यायचं आणि पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, नाहीतर मीटरवर मजुरी घ्यायची. वेगळा जॉबर ठेवणं परवडायचं नाही, म्हणून दुरुस्तीही तेच करत. त्यांचा कान असा की बाहेर कट्ट्यावर चहा पिता पिता म्हणायचे, "सात नंबर रडतोय, बघ जरा." आत जावं तर सातव्या मागावर धोटा खरंच आपटत असायचा. लहानपणी सुट्टीत आम्ही मुलं डोळे मिटून कुठला माग बंद पडला ते ओळखायचा खेळ खेळायचो. आम्हाला कधीच जमलं नाही.

फेब्रुवारीत त्यांना कापडाची किनार वाकडी दिसायला लागली. माग थांबवून ते पुन्हा पुन्हा फणी तपासायचे. कामगार म्हणायचा, मालक, सरळच हाय की. मामीला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, नवा चष्मा झाला, मोतीबिंदूची चर्चा झाली. त्यात सहा आठवडे गेले. एप्रिलमध्ये पाय फाकवून, भिंतीचा आधार घेत चालणं सुरू झालं. तुटलेल्या सुताला गाठ मारणारी बोटं शर्टाचं बटण शोधत राहू लागली. एका दवाखान्यात नैराश्याच्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्यात व्हिटॅमिनची इंजेक्शनं. तेव्हा मला फार राग यायचा. आता तितका येत नाही. वर्षाला दहा लाख माणसांत एखाद-दोघांना होणारा आजार पुष्कळ डॉक्टरांच्या पुढ्यात सबंध आयुष्यात एकदाही येत नाही.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते दचकणं. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या कानाशी आठ माग धडधडत होते, तो माणूस ताटात चमचा पडला तरी अख्ख्या अंगानं दचकायचा. झोपेतसुद्धा. डॉक्टरी भाषेत याला मायोक्लोनस म्हणतात. बोलणं थांबल्यानंतरही ते दचकणं बरेच दिवस राहिलं. मामीनं घरातली सगळी भांडी बदलून प्लॅस्टिकची आणली होती.

मे महिन्यात पुण्याला एमआरआय झाला. तरुण न्यूरॉलॉजिस्टनं पडद्यावर दाखवलं, मेंदूच्या बाहेरच्या थरावर घडीघडीनं पांढरी फीत चकाकत होती. मामी हळूच म्हणाली, "काठ हाय की." खरंच तसंच दिसत होतं, लुगड्याला काठ असावा तसं. मेंदूतल्या विजेच्या लाटा नोंदवणाऱ्या ईईजीवर साधारण दर सेकंदाला एक टोकदार लाट येत होती. मग त्यांनी नाव सांगितलं. क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोग. १९२० आणि १९२१ मध्ये ज्या दोन जर्मन डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले त्यांची ही नावं. तुरळक प्रकार, म्हणजे कुठून आला ते सांगता येत नाही असा. औषध नाही. पहिल्या लक्षणापासून बहुतेकजण सहा महिन्यांच्या आत जातात. मामा चार महिन्यांत गेले.

घरी आणल्यावर माणसं यायची बंद झाली. नेहमीचा न्हावी दाढी करायला आला नाही. कुणी म्हणालं, मटण खाल्लं म्हणून झालं. कुणी म्हणालं, भांडी जाळा. मामी, हे मी इथं पुन्हा एकदा लिहून ठेवते. हा आजार शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, सेवा केल्यानं होत नाही. मेंदूच्या शस्त्रक्रियेची हत्यारं, रुग्णाच्या मेंदूच्या किंवा डोळ्याच्या भागांचं रोपण, अशा ठिकाणी मात्र खबरदारी लागते, कारण साध्या उकळण्यानं हे द्रव्य मरत नाही. ब्रिटनमध्ये आजारी गाईंच्या मांसातून माणसांना जो प्रकार झाला आणि १९९६ मध्ये जाहीर झाला, तो वेगळा. मामांना झालेल्या प्रकाराचा खाण्याशी संबंध सापडलेला नाही. तुझ्या हातच्या जेवणाचा तर नाहीच नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते.

आपल्या सगळ्यांच्या मेंदूत एक प्रथिन असतं. त्याचं जनुक विसाव्या गुणसूत्रावर आहे, पीआरएनपी नावाचं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, आणि ही माळ ठराविक घडी घालून बसते. कधीतरी एखादी माळ चुकीच्या घडीत बसते. मग ती शेजारच्या चांगल्या प्रथिनाला आपल्यासारखी घडी घालायला लावते, ते त्याच्या शेजारच्याला. माळ तीच, अमिनो आम्लं तीच, फक्त घडी वेगळी. त्या घडीला पेशीची मोडतोड करणारी यंत्रणा पचवू शकत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये याला प्रायॉन नाव दिलं. त्यांना १९९७ चं नोबेल मिळेपर्यंत आणि नंतरही पुष्कळांना हे पटत नव्हतं, कारण जंतू म्हटला की त्यात आनुवंशिक माहिती वाहणारा डीएनए किंवा आरएनए हवाच, असं सगळ्यांनी धरलेलं होतं.

तिक्वा आल्पर या बाईंचं नाव मात्र कुणी फारसं घेत नाही, आणि मला ते घ्यायचंच आहे. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या, लंडनमध्ये काम करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ. मेंढ्यांना स्क्रेपी नावाचा असाच रोग होतो. त्याच्या द्रव्यावर त्यांनी किरणांचा मारा केला. डीएनए-आरएनए उद्ध्वस्त व्हावं एवढा मारा करूनही ते द्रव्य रोग देतच राहिलं. १९६७ मध्ये त्यांनी मांडलं की याच्या वाढीला न्यूक्लिक आम्ल, म्हणजे डीएनए किंवा आरएनए, लागत नसावं. प्रुसिनर यांच्या १५ वर्षं आधी.

म्हणजे प्रायॉनची कहाणी आरएनएला दाराबाहेर काढून सुरू होते. मी वाचत गेले तसं लक्षात आलं की तोच आरएनए मागच्या दारानं परत आत आलाय. २००३ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमाउथमधल्या सुपट्टपोन यांच्या गटानं दाखवलं की परीक्षानळीत आरएनए असला तर हॅम्स्टरच्या प्रथिनाची चुकीची घडी जोमानं पसरते. ती घडी कशी असावी हे तो आरएनए सांगत नव्हता, नुसता मदतीला होता. पण मला गुंतवून ठेवलं ते दुसऱ्या आरएनएनं. पेशीच्या स्वतःच्या, इवल्याशा आरएनएनं.

७ ऑक्टोबर २०२४, सोमवार. नवरात्र चालू होतं. दुपारी तीनच्या सुमारास शिक्षकखोलीत मोबाइलवर बातमी आली, व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना मायक्रोआरएनएच्या शोधासाठी नोबेल. मी खडू घेऊन सरळ वर्गात गेले. त्या दिवशी लॅक ओपेरॉन शिकवायचा होता, तो तसाच ठेवला.

वर्गात सांगितलं ते असं. डीएनएवरच्या जनुकाची नक्कल निघते, तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. त्या नकलेवरून प्रथिन तयार होतं. हे आपल्या पुस्तकात आहे. १९९३ मध्ये या दोघांनी एका मिलिमीटरभर कृमीत पाहिलं की लिन-४ नावाचं एक जनुक प्रथिन बनवतच नाही. त्यापासून फक्त २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा बनतो. आणि हा तुकडा दुसऱ्या एका जनुकाच्या नकलेच्या शेपटीशी जुळतो, तिथं जाऊन बसतो आणि प्रथिन बनणं कमी करतो. कित्येक वर्षं लोकांना वाटलं हा कृमीचाच काही चमत्कार. २००० मध्ये लेट-७ सापडला आणि तो कृमीपासून माणसापर्यंत सगळीकडे निघाला. आज माणसात असे शेकड्यांनी तुकडे माहीत आहेत, आणि एकेक तुकडा कित्येक नकलांवर हात ठेवून असतो.

मामांच्या कारखान्यातलं उदाहरण मी वर्गात दिलं नाही, इथं देते. बीम चढलेलं आहे, सूत भरलेलं आहे, माग चालू आहे. कामगार दांड्यावर हात ठेवून उभा असतो. धागा तुटला की दांडा ओढतो, माग थांबतो. कापडाची वीण बदलणं त्याच्या हातात नाही. किती कापड निघणार ते आहे. मायक्रोआरएनए दांड्यावरचा हात आहे.

आता प्रायॉनची लागण झालेल्या मेंदूत हे हात काय करतात? कॅनडात विनिपेगला स्टेफनी बूथ यांच्या गटानं हे बारकाईनं पाहिलं. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की स्क्रेपी झालेल्या उंदरांच्या मेंदूत १५ मायक्रोआरएनएंचं प्रमाण बदललेलं असतं, काहींचं वाढलेलं, काहींचं घटलेलं. वाढलेल्यांत मिर-३४२-३पी होता. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाला तोच गाईंच्या रोगाची लागण केलेल्या माकडांच्या मेंदूत आणि मामांसारख्या आजारानं गेलेल्या माणसांच्या मेंदूतही वाढलेला सापडला. उंदीर, माकड, माणूस, तिघांत एकच खूण. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ खिडकीत उभी होते.

वाढलेल्यांतला दुसरा मिर-१४६ए. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. काही बिघडलं की त्या खवळतात, आणि खवळलेल्या पेशी शेजाऱ्यांनाही इजा करतात. मिर-१४६ए त्या खवळण्याला आवर घालतो. दाह सुरू करणारा जो संदेश असतो तोच या तुकड्यालाही हाक मारतो, म्हणजे आग लागतानाच पाण्याचा नळ सुटावा तशी रचना आहे. अल्झायमरच्या मेंदूतही हा वाढलेला दिसतो. तो वाढतो म्हणून नुकसान होतं की नुकसान होतंय म्हणून तो वाढतो, हे नुसत्या प्रमाणावरून ठरत नाही. पण पेशी आपापल्या परीनं आग विझवायला धावतात, एवढं मला त्यात दिसलं.

आणि मग तो निबंध सापडला ज्यानं मला मामीचा प्रश्न परत आठवला. २०१२ चा, बूथ यांच्याच गटाचा. अख्खा मेंदू बारीक वाटून घेतला तर दहा तऱ्हेच्या पेशींचा गोंधळ ऐकू येतो. म्हणून त्यांनी हिप्पोकॅम्पस या स्मरणाच्या भागातल्या एका पट्ट्यातल्या चेतापेशींचा थर लेझरनं कापून घेतला आणि रोगाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर त्यातला आरएनए मोजला. उंदीर अजून धडधाकट आहेत. खातात, पळतात, बाहेरून काही म्हणजे काही नाही. आणि त्या पेशींत मिर-१३२ सारखे तुकडे आधीच वाढलेले आहेत. त्यांच्याबरोबर अशी जनुकंही जागी झालीत जी चेतापेशीला तगवून धरतात, तिच्या जोडण्या सांभाळतात. लक्षणं दिसू लागेपर्यंत ही सगळी वाढ ओसरलेली असते. पुढे याच गटानं मिर-१६ कडे पाहिलं. लक्षणांच्या आधीच वाढणाऱ्यांपैकी हा एक. पण हा वाढवला की चेतापेशींच्या फांद्या आखूड होतात, कमी फुटतात. म्हणजे त्या शांत दिसणाऱ्या काळात पेशीच्या आत तगणं आणि आखडणं दोन्ही चालू असतं.

मामी, तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडे असलेलं उत्तर हे. किनार वाकडी दिसली त्या दिवशी ते सुरू झालं नव्हतं. त्याच्या बरंच आधी झालं होतं. आणि त्या आधीच्या दिवसांत मामांच्या पेशी गप्प बसलेल्या नव्हत्या.

उंदरांचा हिशोब माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे मला माहीत आहे. याचं उदाहरणही आहे. २०२० मध्ये लंडनच्या प्रायॉन केंद्रानं ५७ रुग्णांच्या रक्तातले छोटे आरएनए मोजले. त्यात लेट-७आय, मिर-१६ आणि मिर-९३ घटलेले निघाले, आणि दुसऱ्या रुग्णगटातही ते पुन्हा घटलेलेच सापडले. उंदराच्या चेतापेशीत वाढणारा मिर-१६ माणसाच्या रक्तात घटतो! रक्त आणि मेंदू या दोन वेगळ्या जागा आहेत, एकीकडचा आकडा दुसरीकडे नेऊन ठेवता येत नाही. त्या तीन खुणांवरून हा रोग आणि अल्झायमर यांतला फरक बराच नेमका सांगता येत होता. पण २१ रुग्णांचं रक्त पुन्हा पुन्हा तपासूनही, आजार किती वेगानं वाढतोय याच्याशी त्या घटीचा मेळ बसला नाही. आपल्या गावातल्या लॅबमध्ये जाऊन करता येईल अशी ही तपासणी अजून झालेली नाही. आज निदानाला आधार आहे तो एमआरआयचा आणि पाठीतल्या पाण्यावर होणाऱ्या आरटी-क्विक या चाचणीचा. त्या चाचणीत रुग्णाच्या पाण्याचा थेंब चांगल्या प्रथिनात घालून हलवत ठेवतात. चुकीची घडी असेल तर ती तिथंही पसरायला लागते आणि नळी उजळते.

मामेभावाबद्दल लिहू की नको असं झालं होतं. त्याला विचारलं, तो म्हणाला लिही. त्याचं लग्न ठरत होतं आणि मुलीकडच्यांच्या कानावर "मेंदूचा आजार" एवढंच गेलं होतं. या रोगांपैकी दहा-पंधरा टक्के घराण्यात जनुकातून येतात. मामांच्या रक्ताचा नमुना आधीच गेला होता. पीआरएनपी जनुकात दोष निघाला नाही. तो कागद घेऊन मी स्वतः मुलीच्या घरी गेले, दीड तास बसले, विसावं गुणसूत्र वहीवर काढून दाखवलं. मुलीच्या आजीनं सगळ्यात नेमका प्रश्न विचारला: "मग त्यास्नी का झालं?" मी म्हटलं, आजी, कोट्यवधी वेळा घडी बरोबर पडते, एकदा चुकते. तिला ते पटलं. लग्न झालं.

ज्यांच्या घरात तो दोष असतो त्यांचं काय, हे वाचताना सोनिया वल्लभ यांची माहिती मिळाली. २०१० मध्ये त्यांची आई अशाच आनुवंशिक प्रायॉन रोगानं गेली. पुढच्या वर्षी कळलं की दोष त्यांच्यातही आहे. त्या वकील होत्या, नवरा एरिक मिनिकेल वाहतूक नियोजनातला. दोघांनी आपापली कामं सोडली, जीवशास्त्र शिकले, पीएचडी केली आणि आज अमेरिकेत याच रोगावर काम करतात. त्यांचा मार्ग निसर्गाच्या त्या छोट्या आरएनएच्या वाटेनंच जातो. माणसानं बनवलेला न्यूक्लिक आम्लाचा आखूड तुकडा पाठीच्या कण्यातून सोडायचा. तो पीआरएनपीच्या नकलेला जुळतो आणि ती नष्ट होते. प्रथिनच कमी बनलं तर चुकीची घडी पसरणार कशावर? १९९३ मध्येच दिसलं होतं की ज्या उंदरांत हे प्रथिन अजिबात नाही त्यांना स्क्रेपी होत नाही. २००३ मध्ये लंडनच्या गटानं तर लागण झालेल्या उंदरांत मध्येच हे प्रथिन चेतापेशींत बंद केलं आणि मेंदूला पडू लागलेली भोकं भरून आली. त्या तुकड्याची माणसांवरची पहिली चाचणीही सुरू झाली आहे. पण उपचार जितका लवकर तितका उपयोगाचा. म्हणून लवकरची खूण हवी, म्हणून रक्तातले ते तीन आकडे मला इतके जवळचे वाटतात.

गेल्या महिन्यात मी हे सगळं मामीला समोर बसून सांगितलं. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. आधी कळलं असतं तरी २०२२ मध्ये औषध नव्हतंच, हेही मी सांगितलं. ती म्हणाली, "औषधाचं न्हाई म्हणत मी. कळलं असतं तर सहा आठवडं चष्म्याच्या मागं धावलो नसतो. ह्यांनी पोराला माग ऐकायला शिकवलं असतं."

मग उठली आणि कपाटातून पगाराची वही काढून आणली. दर आठवड्याची मामांच्या हातची पानं: कामगाराचं नाव, मीटर, उचल, बाकी. मला म्हणाली, "बघ, तुला कुठं दिसतंय का." आम्ही दोघी खिडकीशी बसलो आणि फेब्रुवारीपासून मागं मागं जात राहिलो. जानेवारी. डिसेंबर. दिवाळीच्या बोनसचं पान. ऑक्टोबर. शेवटच्या चार-पाच पानांवर आकडे रेघेखाली उतरत गेलेत, मीटरचे दोन रकाने एकमेकांत मिसळलेत. त्याआधीचं प्रत्येक पान नीट आहे. बोनसच्या पानावर तर एकही खाडाखोड नाही, सातच्या आकड्याला त्यांचा तो नेहमीचा लांब शेपटा आहे, आणि खाली बेरीज बरोबर आहे. मामीनं ती पुन्हा बोटांवर करून पाहिली.